‘दीनबंधू’ची शाळा

वृत्तपत्राच्या धंद्यात शिरू पाहणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हे शिकावयाचे कोठे? वाशी-नेरूळपासून पनवेल-उरणपर्यंत अशी मुलेमुली आम्हांस पुष्कळ भेटतात. कोणाचे वडील बाजार समितीत माथाडी, कोणाची आई ठेकेदाराकडे सफाईला, कोणाच्या आजोबांची भातशेती या शहराखाली गेलेली. आता कॉलेजांतून पत्रकारितेचे वर्ग निघाले आहेत. ज्यास परवडेल त्याने तेथे अवश्य जावे. परंतु मराठी मुलखात अशीही एक शाळा होऊन गेली, की जिला ना इमारत होती ना फी. तिची हकीकत सांगावी, असे आम्ही योजले आहे.

मराठी वृत्तपत्रे तरुणांनीच उभी केली, हे सर्वश्रुत आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा ते विशीच्या आसपास होते. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही चोविशीतले. आणि पुढल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणी दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यांच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे. पण या मंडळींच्या पदरी विद्येचे मोठे भांडवल होते. ते ज्याच्यापाशी नाही, त्याने लेखणी धरावी ती कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे उत्तर ‘दीनबंधू’च्या इतिहासात सापडते. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यातील एक तडफदार कार्यकर्ते म्हणजे पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर. १८७७ च्या आरंभी त्यांनी पुण्यास ‘दीनबंधू’ साप्ताहिक सुरू केले, तेव्हा त्यांचे वय सत्ताविशीच्या आतबाहेर होते. दख्खनेत त्या वेळी मोठा दुष्काळ पडलेला. ज्या शेतकऱ्यासाठी पत्र काढावयाचे, त्यास बहुधा अक्षर येत नाही, आणि येत असले तरी वर्गणीला पैसा नाही. अशा वाचकाच्या भरवशावर पत्र काढणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट जुंपण्यासारखे होते. तीन वर्षांत पैशाची ओढाताण असह्य झाली आणि १८८० मध्ये ‘दीनबंधू’ मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आला.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. म्हणजे आमच्या याच खाडीकाठचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकऱ्या करून ते मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. हीच त्यांची पत्रकारितेची शाळा, असे आम्ही म्हणतो. कामगार दिवस उजाडता आत शिरतो आणि दिवस मावळता बाहेर पडतो, पगार महिनोन्‌महिने अडकतो, यंत्रात हात गेला तर माणूस वाऱ्यावर पडतो, हे त्यांनी रोजच्या डोळ्यांनी पाहिले होते. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले, पण थोरांच्या वाट्याला काहीच आले नाही. मग १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारदरबारी गेला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि जखमी झाल्यास भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी तेथे भाषणे केली. १० जूनला गिरणीमालकांच्या सभेने रविवारची सुटी मान्य केली.

येथे आमच्यासारख्या युनियनवाल्यास एक गोष्ट विशेष वाटते. लोखंड्यांच्या मिल हँड्स असोसिएशनला ना सभासदांची नोंदवही होती, ना फंड, ना लिखित नियम. सरकारी अहवालाने तसे नोंदवूनही ठेवले आहे. आज अशा संघटनेची नोंदणीसुद्धा होणार नाही. तरी ती उभी राहिली, कारण तिच्यामागे दर आठवड्यास निघणारा ‘दीनबंधू’ होता. एका खात्यातील गाऱ्हाणे दुसऱ्या गिरणीतील कामगारास छापील अक्षरांत दिसले, म्हणजे ते एकट्यादुकट्याचे राहत नाही. नोंदवहीचे काम वर्तमानपत्राने केले, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने वारले. पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी पत्र चालविले. १९०६ मध्ये तेही गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी ते हाती घेतले आणि १९१२ पर्यंत सांभाळले. तिशीतल्या विधवेने संपादकाच्या खुर्चीवर बसावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता आमच्या पट्ट्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी येथील एका कारखान्यात एक ठेकेदारी कामगार भाजून मेला. दुसऱ्या दिवशी बातमी आली. तीत मालाचे नुकसान छापले होते, आग किती वेळाने विझली तेही होते; मेलेल्याचे नाव मात्र नव्हते. कारण सरळ होते. कंपनीच्या मस्टरवर त्याचे नावच नव्हते, आणि बातमीदाराने चौकशी केली ती मस्टर ठेवणाऱ्या बाबूपाशी. गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर त्यास सगळे ओळखत होते. भरपाईच्या दाव्यात पुढे आम्हांस सर्वांत जड गेले ते हेच, की तो त्या दिवशी तेथे कामावर होता हे सिद्ध करणे. बातमीत नाव असते, तर त्याच्या बायकोची निदान काही वर्षांची पायपीट वाचली असती.

म्हणून पत्रकार होऊ म्हणणारी मुले आमच्या कचेरीत येतात, तेव्हा आम्ही त्यांस लेख लिहावयास सांगत नाही. पाळी सुटण्याच्या वेळी गेटवर जा, दहा माणसांस पूर्ण नाव, गाव, किती तास काम आणि गेला पगार कोणत्या तारखेस मिळाला एवढे विचारून या, असे सांगतो. मग तेच कंपनीच्या माणसासही विचारा, आणि तो काय म्हणतो ते जसेच्या तसे लिहा. कारण आमच्या बाजूची चूकही तुमच्या वहीत आली पाहिजे. पहिल्या दिवशी बहुतेकांस तीनच माणसे बोलती करता येतात. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाणारे थोडे. त्या थोड्यांच्या वह्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. उद्या कोणी या खाडीकाठच्या श्रमाचा इतिहास लिहू म्हणेल, तर त्याने प्रथम या वह्या मागाव्यात, असे आम्हांस वाटते.