ढिले पॉवर स्टेअरिंग (छोटा ट्रॅक्टर)

साधारण ३० अश्वशक्तीच्या आतील ट्रॅक्टरमध्ये स्टेअरिंगचे चाक फिरवूनही पुढची चाके लगेच न वळणे, किंवा चाक सरळ धरूनही ट्रॅक्टर हळूहळू एका अंगाला जात राहणे. पहिल्या प्रकाराला ‘प्ले’ म्हणतात. तो बहुतेक वेळा झिजलेल्या सांध्यांमुळे येतो. दुसरा प्रकार तेलाच्या आतल्या गळतीचा असतो आणि तुलनेने कमी आढळतो. तरीही पॉवर स्टेअरिंग म्हटले की प्रथम पंपाकडे किंवा ऑइलकडे बोट दाखवले जाते आणि टाय रॉडचा एंड (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) तसाच राहतो.

प्रसार : बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील संत्राबागा, घाटावर देऊळगाव राजा परिसरातील बीजोत्पादनाची शेडनेट आणि सर्वत्र सोयाबीन-कपाशीची आंतरमशागत यांसाठी अरुंद ट्रॅक्टर वापरले जातात. त्या सर्वांना पॉवर स्टेअरिंग असतेच असे नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिळणारे ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर, तसेच महिंद्रा युवराज २१५ सारखे एक सिलिंडरचे ट्रॅक्टर बहुधा साध्या यांत्रिक स्टेअरिंगचे असतात. महिंद्रा जिवो २४५, कुबोटा निओस्टार बी २४४१ किंवा जॉन डिअर ३०२८ ईएन या गटापासून पुढे पॉवर स्टेअरिंग येते. नोंदीतील सांध्यांविषयीचा भाग यांत्रिक आणि पॉवर अशा दोन्ही स्टेअरिंगना लागू आहे.

रचना : दोन पद्धती आहेत. एकीत नेहमीचा स्टेअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म व ड्रॅग लिंक असतात आणि ऑइलचा दाब फक्त मदत करतो. दुसरीत स्टेअरिंगचे चाक आणि पुढची चाके यांच्यामध्ये लोखंडी दुवा नसतोच. चाकाच्या दांड्याखाली ऑर्बिट युनिट बसवलेले असते. ते वळवलेल्या अंशाप्रमाणे ऑइल मोजून सिलिंडरकडे पाठवते आणि सिलिंडर टाय रॉडमार्फत चाके ढकलतो. युनिटमध्ये सात खाचांच्या कड्यात सहा दातांचे चाक फिरते. लिन चार्लसन या अमेरिकी संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यात ही कल्पना विकसित केली. आज जगभरातील शेतयंत्रांत तिचीच रूपे दिसतात. इंजिन बंद पडले तरी हेच युनिट हातपंपासारखे चालते, त्यामुळे चाक जड होते पण वळते. या पद्धतीत सरळ चालताना चाकाचे आरे नेहमी एकाच जागी येत नाहीत. तो दोष नव्हे. नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यांच्या तक्रारींत मात्र हा मुद्दा वारंवार असतो.

स्थानिक कारणे : पूर्णा खोऱ्यातील खोल काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पेरणीपूर्व कामात पुढची चाके त्या भेगांत आपटतात आणि प्रत्येक आपट टाय रॉड एंडवर जाते. पावसाळ्यात तीच माती रबरी टोपीभोवती लिंपली जाते. टोपी फाटली की ग्रीस आणि मातीचे काळे लुकण होऊन बॉल जॉइंट घासला जातो. घाटावरच्या मुरमाड रानात झीज कमी, पण दगडावर आपटून टाय रॉड वाकल्याची प्रकरणे अधिक. बागेत दर ओळीच्या टोकाला पूर्ण वळण घ्यावे लागते. वळण संपल्यावरही चाक रेटून धरण्याची सवय सील व होज पाइपला महागात पडते. चार चाकी ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर चालू ठेवणे हेही कारणच. राजूर किंवा बोथा घाटात भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना प्ले असलेला ट्रॅक्टर कसा वागतो, हे चालवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

निदान : सुरुवात पाना न लावता होते. टायरची हवा, चाकाचे नट आणि मागे उचललेले अवजार आधी पाहावे. जड रोटाव्हेटर उचलला की हलक्या ट्रॅक्टरचे नाक उचलले जाते, पुढची चाके जेमतेम टेकतात आणि स्टेअरिंग तरंगल्यासारखे वाटते. रोटाव्हेटर खाली टेकवताच ते नीट झाले, तर गरज पुढच्या वजनांची आहे.

मग इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड द्यावेत. एकाने सीटवर बसून चाक थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने समोर बसून एकेका सांध्यावर हात ठेवत जावे. झिजलेल्या एंडवर बोटांना स्पष्ट ‘टक’ लागते. दांडा हलतो, पण त्याला जोडलेला आर्म क्षणभर जागेवरच राहतो. हाच प्रकार सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या पिनांवर आणि स्टेअरिंग कॉलमच्या बोल्टांवर करावा. कॉलमचे बोल्ट सैल असल्याने सगळा प्ले डॅशबोर्डखालीच सापडल्याची उदाहरणे आहेत.

त्यानंतर पुढचा अॅक्सल जॅकवर घेऊन खाली घोडी लावावी. टायर वर-खाली धरून हलवल्यास बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश बोलते, पुढे-मागे धरून हलवल्यास टाय रॉड. वर-खाली हलताना फक्त हब हलत असेल तर बेअरिंग; हबसह स्टब अॅक्सलही हलत असेल तर किंगपिन. चार चाकी ड्राइव्हच्या बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत किंगपिनऐवजी बेव्हल गिअरची पेटी असते. तिथले काम शेतात उघडू नये. अॅक्सलची सेंटर पिन तपासायची राहून जाते. संपूर्ण अॅक्सल पुढे-मागे सरकत असेल, तर नवे एंड बसवूनही गुण येणार नाही.

सांधे घट्ट निघाले तरच ऑइलकडे वळावे. काही मॉडेल्समध्ये स्टेअरिंगची टाकी स्वतंत्र असते, काहींत गिअरबॉक्सचेच ऑइल वापरले जाते. फेस असेल तर हवा शिरली आहे आणि दुधाळ रंग असेल तर पाणी. हवेमुळे चाक स्पंजासारखे दबते व झटके देते. इंजिन चालू असताना चाके पूर्ण वळवून हलका जोर दिल्यावरही स्टेअरिंग भराभर फिरत राहिले, तर आतली गळती समजावी. ती सिलिंडरची की ऑर्बिटची, हे ठरवण्यासाठी चाके एका टोकाला नेऊन, इंजिन बंद करून सिलिंडरचा परतीच्या बाजूचा होज पाइप सोडतात व त्याचे तोंड बंद करतात. मग इंजिन चालू करून त्याच दिशेला हलका दाब देतात. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून ऑइल वाहत राहिले तर पिस्टनचे सील गेले. दाबाखालची बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. ऑइलची बारीक धार कातडीत घुसते.

दुरुस्ती : बॉल जॉइंट बदलताना प्रथम दांड्याच्या आट्यांवर रंगाची खूण करतात, म्हणजे नवा एंड तितकाच आत जातो. स्प्लिट पिन काढून खाचांचा नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. नंतर बोल्टच्या टोकावर नव्हे, तर तो ज्या डोळ्यात बसला आहे त्याच्या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी दोन हातोडे मारावेत. निमुळता दांडा आपोआप सुटतो. टोकावर मारल्यास आटे चेपतात. नव्या एंडला नवीच स्प्लिट पिन घालावी. तिथे खिळा किंवा तार वळवून चालवणे सर्रास दिसते आणि ते धोक्याचे आहे. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे किंवा तुटलेला वेल्डिंगने जोडणे वर्ज्य. लेथवर करून घेतलेल्या गनमेटल बुशच्या टिकाऊपणाबाबत मिस्त्री व सुट्या भागांचे विक्रेते यांची मते जुळत नाहीत. माप बरोबर असेल आणि ग्रीसची खाच काढलेली असेल, तर ते निकामी ठरवण्याचे कारण नाही.

शेवटी टो-इन जुळवतात. हबच्या उंचीवर, दोन्ही टायरांच्या मध्यरेषेवर खडूने खूण करून पुढचे अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर ढकलून खुणा मागे आणाव्यात व पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवे. काही मॉडेल्सला २ ते ८ मिमी सांगितलेले असते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा.

ऑइल बदलल्यावर पुढची चाके उचललेली ठेवून, इंजिन मंद चालवत, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावे आणि पातळी भरत जावे. सिलिंडरचे सील संच घालून बदलता येते. ऑर्बिट युनिट गावच्या गॅरेजमध्ये खोलू नये. आतील चाक आणि दांडा यांची खूण चुकून एक दात पुढे-मागे बसला, तर इंजिन चालू होताच स्टेअरिंग आपणहून गरगर फिरू लागते. मनगट मोडण्याइतका जोर त्यात असतो.

खर्च : मॉडेलनुसार बदलतो. एंड सर्वांत स्वस्त, ऑर्बिट सर्वांत महाग.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंगमधील प्ले चाकावर ३० अंशांपेक्षा अधिक नसावा, जोडणीच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. ३८ सेंमी व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेला जवळपास १० सेंमी. रस्त्यापुरता हा निकष ठीक म्हणावा, पण शेतात तो फारच ढिला आहे. ४५ सेंमी अंतरावर पेरलेल्या सोयाबीनमध्ये डवरणी करताना इतका प्ले असलेला ट्रॅक्टर पाती ओळीत घालतो. उत्पादकांच्या पुस्तिकांतील मर्यादा सहसा याच्या निम्म्यापेक्षाही कमी असते.