जलप्रवासापूर्वीचा मुक्काम

केशवापूर ही हुबळीच्या रेल्वेची शेजारीण. गाड्यांच्या शिट्ट्यांवर ज्यांचे घड्याळ चालते अशा येथील घरांतून हल्ली एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. कोणी मुलगा-सून आईवडिलांस घेऊन मुंबईहून जलविहारास निघतात; जहाजाची तिकिटे महिनोन्‌महिने आधी काढलेली असतात, आणि मग विचारणा होते : आदल्या रात्री मुंबईत उतरावे कोणत्या हॉटेलात? धक्क्याजवळच्या महागड्या, की दादरच्या स्वस्त? जेवण शाकाहारी मिळेल काय? खोलीत वडिलांस संध्येपुरती जागा होईल काय?

हा प्रश्न ऐकून वडीलधारी मंडळी हसतात. त्यांच्या वडिलांच्या काळी हॉटेलाची निवड हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो असा, की समुद्रावर जाणाऱ्या माणसास आदल्या रात्री कोणाचे दार उघडे मिळेल? आजच्या साध्या विचारपुशीमागे हा मोठा इतिहास उभा आहे, आणि त्याचा एक दुवा आपल्या केशवापुरापासून अगदी हाकेच्या नव्हे, तरी एका सकाळच्या अंतरावर आहे.

धारवाडजवळ नरेंद्र नावाचे गाव आहे. तेथे गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसऱ्या जयकेशीच्या काळचा, इ. स. ११२५ चा शिलालेख मिळाला. त्यात जयकेशीचा पूर्वज चट्टय्य, म्हणजेच षष्ठदेव, याच्या सागरी पराक्रमाचे वर्णन आहे. जहाजांच्या रांगांनी त्याने लंकेपर्यंत जणू सेतू बांधला, असे शिलालेखाचा कवी म्हणतो. कवीची अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी त्यापुढील हकिकत फार बोलकी आहे. चट्टय्याच्या सागरी कीर्तीची वार्ता ऐकून ठाण्याचा राजा मुम्मुरी (इतिहासकार ज्यास शिलाहार मुम्मुणी म्हणतात तो) स्वतः त्यास सामोरा गेला, आपल्या राजवाड्यात घेऊन आला, त्याच्यावर स्नेहाचा वर्षाव केला आणि आपली कन्याही त्यास दिली. आजच्या मुंबईच्या पाठीशी असलेल्या ठाण्यास समुद्रमार्गे आलेल्या पाहुण्याच्या मुक्कामाची ही नोंद आहे. आणि ती कोरली गेली ती समुद्रापासून दूर, आपल्या धारवाडच्या माळावर!

राजांस राजवाडे होते. सामान्य माणसाचे काय? त्याच्यासाठी देवालय होते. गोमंतकातील देवस्थानांभोवतीच्या अग्रशाळा आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नकोत. दुरून आलेल्या कुळाव्याने आपली वळकटी सोडावी, विहिरीवर स्नान करावे, प्रसादाचे जेवण घ्यावे आणि देवाचा कौल घेऊन पुढच्या वाटेस लागावे, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. येथे खोलीचे भाडे मुख्य नव्हते, ओळख मुख्य होती : तू कोणत्या गावचा, कोणत्या देवाचा? आणि हेही ध्यानात ठेवावयास हवे की सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात, पोर्तुगीज सत्तेने देवळे मोडली त्या दिवसांत, खुद्द देवांनाच परतीर गाठून मुक्काम शोधावा लागला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. जुवारीच्या पाण्यापलीकडे दुसऱ्या राज्यात त्यांस आसरा मिळाला. ज्यांचे देव एकदा बिऱ्हाडकरू झाले, त्या समाजास परक्याच्या दाराची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

तथापि याच समाजाने एका प्रवाशासमोर आपले दार लावूनही घेतले. तो प्रवासी म्हणजे काळे पाणी ओलांडणारा. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात समुद्रगमन हे पतित करणाऱ्या कर्मांत गणले. त्याच सूत्रात उत्तरेकडील लोकांच्या चालीरीतींत ते नमूदही आहे, म्हणजे निषेध होता तसा व्यवहारही होता. पुढे निबंधकारांनी कलिवर्ज्यांच्या यादीत त्यास स्थान दिले आणि निषेध जड झाला. एकोणिसाव्या शतकात विलायतेची वाट खुली झाली तेव्हा हा निषेध पुस्तकातून उठून घराच्या उंबरठ्यावर येऊन बसला.

त्याचे सर्वपरिचित उदाहरण मुंबईतच घडले. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, असे मित्रांनी सांगितल्यामुळे त्याचे बंधू त्यास मुंबईत एका स्नेह्याच्या घरी ठेवून राजकोटास परतले. म्हणजे जहाजापूर्वीचा मुक्काम एका रात्रीचा न राहता लांबत गेला. या मुक्कामातच मोढ वाण्यांची जात सभा भरवून बसली. तरुणाने माघार घेतली नाही, तेव्हा त्यास जातिबाह्य ठरविण्यात आले. आणि जो कोणी त्यास मदत करील अथवा धक्क्यावर निरोप द्यावयास जाईल त्यास सवा रुपया दंड, असा ठराव झाला. प्रवासाचे पैसे ज्या आप्ताकडे ठेवले होते त्यानेही जातीच्या भयाने ते देण्याचे नाकारले. पैसे दुसऱ्या मित्राकडून उभे करावे लागले. ४ सप्टेंबर रोजी जहाज सुटले. सवा रुपया ही रक्कम लहान. पण निरोपाच्या हातवाऱ्यालाही ज्या समाजात दंड बसतो, तेथे रात्रीच्या आसऱ्याची काय कथा!

याच काळात धीर करणारी माणसे आपल्यातही निघाली. होनावरास जन्मलेले सारस्वत गृहस्थ नारायण गणेश चंदावरकर हे १८८५ साली हिंदी लोकांची बाजू मांडण्याकरिता इंग्लंडास गेले. याउलट जयपूरचे महाराज माधोसिंग यांनी १९०२ साली निराळा तोडगा काढला. एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणास जाण्यासाठी त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाचे अख्खे जहाज भाड्याने घेतले आणि चांदीच्या प्रचंड घागरी गंगाजलाने भरून बरोबर नेल्या. राजाने आपला मुक्कामच जहाजावर उचलून नेला म्हणावयाचे! सामान्य विद्यार्थ्यास ना जहाज परवडे, ना चांदीची घागर. त्याचा प्रश्न मुंबईच्या रस्त्यावरच सुटणे भाग होते.

आणि मुंबई तर झपाट्याने बदलत होती. १८६९ च्या नोव्हेंबरात सुवेझचा कालवा खुला झाला आणि विलायतेकडून येणाऱ्या उतारूंचे पहिले हिंदी बंदर मुंबई ठरले. दोनच वर्षांनी, १८७१ साली, कोटाच्या मैदानालगत वॉटसनचे हॉटेल सुरू झाले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, भाग जुळवण्यासाठी जहाजाने येथे आणला होता. १८९६ च्या जुलैत हिंदुस्थानात चलच्चित्रांचा पहिला खेळ याच इमारतीत झाला. परंतु तेथे उतरण्याची मुभा होती ती युरोपियनांनाच. म्हणजे एका बाजूस जातीने दार लावले होते, दुसऱ्या बाजूस वर्णाने. आणि मध्ये वळकटी घेऊन उभा होता तो हिंदी प्रवासी.

ही कोंडी दोन वाटांनी फुटली. पहिली वाट दानधर्माची. सी. पी. टँकजवळील माधवबागेसारख्या ठिकाणी देऊळ व धर्मशाळा एकाच आवारात उभ्या राहिल्या. परगावच्या हिंदूस देवदर्शन, शुद्ध पाणी व डोक्यावर छप्पर एकत्र मिळू लागले. दुसरी वाट व्यापाराची. १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले आणि तेथे हिंदी माणूस पैसे मोजून राजरोसपणे उतरू लागला. त्या वास्तूच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी शिल्पज्ञाचा मोठा वाटा होता, हे मराठी वाचकाने विसरू नये. वैद्य काम पुरे होण्याआधीच निवर्तले व चेंबर्स या इंग्रज शिल्पज्ञाने ते तडीस नेले. ताज धनिकांचे, मध्यमवर्गाने क्रॉफर्ड मार्केटाजवळचे सरदारगृह जवळ केले. लोकमान्य टिळक मुंबईत आले म्हणजे तेथेच उतरत. १९१८ च्या सप्टेंबरात चिरोलवरील खटल्यासाठी ते मुंबईहून विलायतेस गेले, परतले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्याच सरदारगृहात त्यांनी देह ठेवला. एका उतारगृहाच्या भिंतींनी लोकनेत्याचा अखेरचा मुक्काम पाहावा, असा योग विरळा.

आमच्या हुबळीकडील प्रवाशास मुंबईखेरीज आणखी एक बंदर होते. १८८८ साली मार्मागोव्याची रेल्वे खुली झाली आणि हुबळीस गाडीत बसलेला माणूस धारवाड, लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे अशी घाटाची वाट उतरून थेट धक्क्यावर पोचू लागला. तेथून मुंबईची आगबोट मिळे, आफ्रिकेची मिळे. १९५५ च्या नाकेबंदीत हा मार्ग सरहद्दीवर तुटला तो गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा सांधला गेला.

मुंबई–गोवा आगबोटीचा उतारू हा तर एक स्वतंत्र विषय आहे. १८४१ च्या सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेल्या भाऊच्या धक्क्याचे नाव ज्याच्या तोंडी नाही असा कोकणी माणूस मिळणे कठीण. सकाळी मुंबई सोडलेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत दुसऱ्या दिवशी पणजीस लागे. या उतारूची आदली रात्र बहुधा गाववाल्याच्या खोलीत, गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत किंवा धक्क्यावरच वळकटीला टेकून जाई. ख्रिस्ती गोवेकरांनी मात्र त्याची फार सुबक व्यवस्था केली होती. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावागणिक ‘कुडी’ स्थापन केल्या. कोंकणीत कूड म्हणजे खोली. जहाजावर नोकरी करणारा तारवटी आपली पेटी कुडीत ठेवी, अल्पशी वर्गणी भरी, जहाजाची वाट पाहत दिवस काढी; सायंकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा आणि गावच्या पालक संताचे फेस्त येथेही साजरे करावयाचे. विचार केला तर ही आपल्या अग्रशाळेचीच बहीण. धर्म निराळा झाला, तरी समुद्रावर जाण्यापूर्वीची रात्र आपल्या गावच्या छपराखाली काढावी ही ओढ एकाच मातीतली.

धक्क्यावरच्या त्या गर्दीची एक काळी आठवणही सांगणे अवश्य आहे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. समुद्र पंचांग पाहतो, तिकीट पाहत नाही, हे कोकणच्या माणसास त्या दिवशी पुन्हा एकदा कळले.

नंतर घाटातले रस्ते सुधारले, कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, आगबोटी मागे पडल्या. २०१८ साली ‘आंग्रिया’ने मुंबई–गोवा जलप्रवास पुन्हा लोकांच्या मनात आणला, पण आता तो गरजेचा नव्हे, हौसेचा झाला होता. प्रायश्चित्त राहिले नाही, सवा रुपयाचा दंड राहिला नाही, ‘फक्त युरोपियनांसाठी’ ही अटही राहिली नाही. वॉटसनच्या हॉटेलची इमारत जराजर्जर होऊन गेली; ताज उभे आहे.

तेव्हा केशवापूरच्या त्या कुटुंबास काय सांगावे? इतिहासातून निघणारे शहाणपण थोडके पण पक्के आहे. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो. जलप्रवासी मात्र असा, की ज्याच्या निघण्याची तिथी आणि वेळ दोन्ही ठरलेली असतात. जहाज कोणासाठी थांबत नाही, आणि घाटातली गाडी पावसात कोणाचे ऐकत नाही. म्हणून एक पुरा दिवस आधी मुंबई गाठावी. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून निघणाऱ्याने कोटात किंवा बोरीबंदराच्या आसपास उतरावे. दादरास चार पैसे वाचतील, परंतु सकाळच्या रहदारीतले नऊ-दहा किलोमीटर म्हाताऱ्यांच्या जिवास लागतील. वडिलांचे पथ्य व नेम आधी विचारून घ्यावेत, स्वयंपाकघराची चौकशी स्वतः करावी, जिना की उद्वाहक हे पाहावे. समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीसाठी जादा पैसे देऊ नयेत. दुसऱ्या दिवसापासून समुद्रच समुद्र पाहावयाचा आहे.

आणि एक गोष्ट पैशाच्या हिशेबापलीकडची. मुंबईत आपला कोणी आप्त असेल, तर हॉटेल घेतले तरी त्यास कळवावे आणि धक्क्यावर निरोपास बोलवावे. आपल्या आजोबांच्या पिढीत त्या निरोपास दंड होता. आज तो फुकट आहे, म्हणून त्याची किंमत कमी झाली असे मात्र कोणी समजू नये.