चारपट म्हणजे किती?

संगणकाच्या पडद्यावरची तिरकी रेघ दातेरी का दिसते, याचा पहिला पद्धतशीर पंचनामा शोधत आपण मागे गेलो, तर युटा विद्यापीठात पोहोचतो. फ्रँक क्रो यांनी तिथे १९७६ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला आणि पुढच्या वर्षी शोधनिबंधही प्रसिद्ध केला. पिक्सेलमध्ये एकाच बिंदूवर डोकावून रंग ठरवला, की बारीक तपशील नुसता हरवत नाही, तर भलत्याच आकृतीच्या रूपाने परत उगवतो. तेव्हा एका पिक्सेलमध्ये अनेक नमुने घेऊन त्यांची सरासरी काढणे हा अँटी-अलायझिंगचा, म्हणजे हे दाते घालवण्याचा, एक उपाय ठरला. लुकासफिल्ममध्ये लॉरेन कार्पेंटर, रॉबर्ट कुक प्रभृतींनी १९८४ च्या सुमारास चित्रपटांसाठी यात मोलाची भर घातली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिलिकॉन ग्राफिक्सच्या रिअ‍ॅलिटीइंजिनने हे काम थेट यंत्राच्या अंगी आणले. मात्र ते यंत्र सामान्य घराला परवडणारे नव्हते.

घरगुती ग्राफिक्स कार्डांवर ही चैन खऱ्या अर्थाने उतरली ती २००० साली, आणि तुलनेचा खरा रंग तिथेच भरला. थ्रीडीएफएक्सचे व्हूडू ५ आणि एनव्हिडियाचे जीफोर्स २, दोघांचाही दावा ‘चारपट’ अँटी-अलायझिंगचा. जीफोर्सचे चार नमुने दोन ओळी, दोन स्तंभ असे सरळ मांडलेले. जवळजवळ आडवी कड पिक्सेलमधून सरकली, की एका ओळीतले दोन नमुने जवळपास एकदमच पालटत. काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये एकच करडी छटा मिळे. व्हूडूने तीच जाळी तिरपी फिरवली. प्रत्येक नमुना आपापल्या उंचीवर आला आणि तेवढ्याच चार नमुन्यांत तीन करड्या छटा हाती लागल्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच. दैव असे, की त्याच डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने आपली मत्ता एनव्हिडियाला विकण्याचा करार केला, आणि घेणाऱ्याने चारपट मांडणी तिरपी करायला २००४ चे जीफोर्स ६८०० उजाडू दिले! दरम्यान जीफोर्स ३ ने २००१ मध्ये रंग पिक्सेलमागे एकदाच काढून फक्त कडांचे नमुने वाढवण्याची काटकसर आणली. सोबत ‘क्विंकंक्स’ही आले: फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखे पाच नमुने, त्यातले तीन शेजाऱ्यांकडून उसने. कडा मऊ झाल्या खऱ्या, पण सगळे चित्रच किंचित धुरकटले. २००२ मध्ये मॅट्रॉक्सच्या पारहेलियाने केवळ कडांवर सोळा नमुने खर्चले. काही कडा मात्र त्याच्या नजरेतून निसटत. त्याच वर्षी एटीआयचे रेडिऑन ९७०० प्रो विखुरलेले सहा नमुने आणि पडद्याच्या उजेडाला जुळवून घेणारी सरासरी घेऊन आले, आणि दोनेक वर्षे पारडे तिकडेच झुकले. परीक्षकांची फजितीही याच काळातली: जीफोर्स एफएक्सच्या काही पद्धतींत शेवटचे मिश्रण चित्र पडद्याकडे जाताना होई, त्यामुळे टिपलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कडा दातेरीच दिसत.

पुढे कार्डाकार्डांतला हा फरक पुसटत गेला. इंटेलच्या अलेक्झांडर रेशेटोव्ह यांनी २००९ मध्ये तयार चित्रातल्या कडा हुडकून त्या घासण्याची रीत मांडली. त्याच वळणाची एफएक्सएए ही पद्धत कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चाले. २०१४ नंतर आधीच्या चौकटींतले नमुने उसने घेणे रुळले, आणि २०१८ मध्ये एनव्हिडियाच्या डीएलएसएसने कमी पिक्सेलांतून मोठे चित्र उभारण्याचे काम न्यूरल नेटवर्कवर सोपवले. आज दोन कार्डे ताडायची तर आपल्याला चालते चित्रच पाहावे लागते, कारण धावत्या वस्तूमागे रेंगाळणारी भुताटकी छटा आणि दूरच्या तारांची लुकलुक स्थिर चित्रात पुरती पकडता येत नाही.