मुशीत गेलेले देव : हुपरीची चांदी आणि जुन्या वस्तूंचा संग्रह

१/ हातकणंगले तालुक्यातील हुपरी म्हणजे चांदीचे गाव. येथे घरोघरी घडणारे पैंजण आणि घुंगरू देशभर जातात. आजचा विषय मात्र नव्या दागिन्यांचा नाही. चांदीच्या पेठेत 'मोड' म्हणून येणाऱ्या जुन्या वस्तूंचा आहे.

२/ मोडीचा भाव ठरतो वजनावर आणि कसावर. जुनी घडणावळ हिशेबात धरली जात नाही. एकदा मुशीत गेलेला शंभर वर्षांपूर्वीचा तोडा आणि कालची वाटी यांत काहीही फरक उरत नाही.

३/ यात देवही आले. टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठावाने घडवलेली देवप्रतिमा: खंडोबा, जोतिबा, भवानी, कधी घराण्यातले पूर्वज. रोजच्या पूजेने टाक झिजतात. मग नवे घडवतात; जुने नदीत सोडतात किंवा मोडीत घालतात. परंपरेच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. पण म्हणूनच पाषाणमूर्ती टिकतात आणि घरगुती चांदी क्वचितच हाती लागते.

४/ आता कोल्हापूरकडे पाहू. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा साठा सापडला. त्यातील पोसायडन या सागरदेवाची वीतभरही नसलेली मूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयाची शान आहे. जमिनीत गाडली गेली, म्हणून ती मुशीपासून वाचली.

५/ १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. मूर्तीचे ठिकाण ठाऊक असल्यामुळेच ती रोमशी असलेल्या व्यापाराचा पुरावा ठरते. तीच मूर्ती एखाद्या दुकानात सापडली असती, तर एक सुंदर वस्तू एवढेच तिच्याविषयी म्हणता आले असते.

६/ घरगुती वस्तूंनाही हाच न्याय लावणारा संग्राहक म्हणजे पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०). दिवे, अडकित्ते, दौती, भांडी त्यांनी गावोगाव हिंडून जमवली आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारले. पुढे तो सारा संग्रह त्यांनी राज्याला दिला.

७/ संग्रहाची हौस असेल, तर कायदाही ठाऊक हवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे, धातुकाम हे 'पुरावशेष' ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो, ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत.

८/ आमच्या घरी नवे टाक घडवले, तेव्हा जुने मोडीत गेले. त्यांत एक घोडेस्वार होता. तो खंडोबा होता की घराण्यातला कुणी वीर, हे आजीला ठाऊक होते. आम्ही तिला कधी विचारले नाही.

९/ म्हणून एवढेच करा. मोड घालण्यापूर्वी वस्तूची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या, वजन लिहून ठेवा, ती कुणाची आणि कुठून आली हे घरातल्या थोरांना विचारा. वस्तू ठेवायची की नाही, ते नंतर ठरवता येईल.