आठ मायक्रोफॅरडचं कोडं

सध्या शनिवार-रविवार घरी ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर जुळवणं चालू आहे (आजोबांच्या पिढीच्या भाषेत 'व्हॉल्व्हचा'). सगळे विचारतात, ट्यूब कुठल्या घेतल्यास? माझ्या मते खरी मजा पॉवर सप्लायमध्ये आहे. जुनं सर्किट वाचणं म्हणजे एकही कॉमेंट नसलेला लेगसी कोड वाचणं.

डी. टी. एन. विल्यमसनचं १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आलेलं प्रसिद्ध सर्किटच घ्या. सप्लायमधले कपॅसिटर जेमतेम आठ-दहा मायक्रोफॅरडचे आणि सोबत लोखंडी गाभ्याचे दोन चोक. आज लॅमिंग्टन रोडवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सहज मिळतो. मग तोच ठोकून का देऊ नये?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओ बॅटऱ्यांवर चालायचे. फिलामेंटची ती 'ए', प्लेटची ती 'बी'. म्हणून सप्लायच्या हाय व्होल्टेजला आजही 'बी प्लस' म्हणतात. बॅटरी गेली, व्हेरिएबलचं नाव तेवढं राहिलं! १९२५ मध्ये टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने घरातल्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला, १९२७ मध्ये यूएक्स-२८० ही रेक्टिफायर ट्यूब आली, आणि बॅटऱ्यांची सद्दी संपत गेली.

पण विजेबरोबर घरात हमही आला. तो गाळायला कपॅसिटर हवा, आणि तेव्हाचे कपॅसिटर मेणात भिजवलेल्या कागदाचे. चार मायक्रोफॅरडसाठी डबाभर जागा. त्यापेक्षा लोखंड आणि तांबं परवडायचं, म्हणून चोक. त्या काळच्या बऱ्याच स्पीकरना कायमचं चुंबक नसायचं, कॉइलमध्ये करंट सोडून चुंबक बनवायचे. मग सप्लायचा करंट त्याच कॉइलमधून नेऊन तिलाच चोक म्हणूनही राबवायचे. हा जुगाड मला भयंकर आवडतो.

पुढे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वस्त झाले, तरी आकडे फार वाढले नाहीत. याचं कारण रेक्टिफायर ट्यूब. पहिला कपॅसिटर फक्त व्होल्टेजच्या शिखराजवळ चार्ज होतो. तो मोठा घेतला की करंटचे झटके मोठे बसतात, विशेषतः गरम सेट बंद करून लगेच चालू केला तर. ते कॅथोडला झेपायला हवेत. म्हणून डेटाशीटवर पहिल्या कपॅसिटरची मर्यादाच छापलेली असते. जीझेड३४ साठी ती ६० मायक्रोफॅरड आहे. म्हणजे १०० चा विषय संपला.

सिलिकॉन डायोड का नको? १एन४००७ पाच-दहा रुपयांच्या आत येतो हे खरं. पण माझा ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० चा आहे, त्यात डायोडवर उलटा ताण ८४८ व्होल्टपर्यंत जातो. हजारची मर्यादा, आणि आपल्या लाइनचा लहरी स्वभाव! दोन डायोड सिरीजमध्ये लावून भागतं म्हणा, पण मग बाकीच्या ट्यूब थंड असतानाच सगळं व्होल्टेज धाडकन येतं. जीझेड३४ स्वतःच सावकाश तापते. मी तीच घेतली.

तर माझा हिशोब असा. लोड १०० मिलिअँपिअर. पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, त्यावर रिपल साधारण २१ व्होल्ट. पुढे १० हेन्रीचा चोक आणि आणखी एक ४७, की रिपल उरतो व्होल्टच्या नवव्या भागाइतका. अमेरिकन सर्किट जसंच्या तसं उचलणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. त्यांची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. पार्ट तेच ठेवले तर या फिल्टरनंतर आपल्याकडे रिपल पावणेदोन पट येतो.

कपॅसिटर ५०० व्होल्टचे घेतले. शिखर ४२४ चं, पण लाइन दहा टक्के चढली आणि लोड नसला तर ४६६. दुकानदार ४५० चा 'चालतो हो' म्हणून हातात ठेवतो, तो घेऊ नये.

शेवटचा पार्ट सगळ्यात स्वस्त: कपॅसिटरना समांतर २२० किलोओहमचा, दोन वॉटचा ब्लीडर रेझिस्टर. तो नसेल तर स्विच बंद केल्यावरही आत चारशे व्होल्ट दबा धरून बसू शकतात, आणि तेवढे जिवावर बेतू शकतात. तो असूनही चारशेचे चाळीस व्हायला पाऊण मिनिट लागतं. मी पूर्ण दोन मिनिटं मोजतो, मग मीटर लावून बघतो, डावा हात खिशात ठेवून.