सूर्यचुलीची दीडशे वर्षे

सूर्यचूल म्हटली, की आपल्यापैकी अनेकांना सुटकेससारखी ती पेटी आठवते. आत काळे डबे, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. 1980 च्या दशकात सरकारी अनुदानामुळे ती मध्यमवर्गीय घरांत आली, काही वर्षे गच्चीवर राहिली आणि बऱ्याच घरांत मग माळ्यावर गेली. पण तिची कहाणी त्याहून शंभर वर्षे जुनी आहे, आणि ती धारवाड ज्या मुंबई इलाख्यात होते, त्याच इलाख्यातली आहे.

1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाची झळ धारवाड जिल्ह्यालाही बसली होती. 1878 मध्येच सरकारने वन कायदा केला आणि राखीव जंगलातल्या सरपणावर निर्बंध आले. त्याच वर्षी मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याचे पुस्तक निघाले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे त्याचे म्हणणे. त्याने आरशांची अष्टकोनी चूल बनवली होती. ऐन जानेवारीत तिच्यावर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजले.

म्हणजे चूल तेव्हाच सिद्ध झाली होती. पुढे 1950 च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्वक्र आरशाची चूल तयार केली. ती बाजारात टिकली नाही. त्यानंतर पेटी आली. तरीही जिच्या डोळ्यांत रोज धूर जातो, त्या बाईपर्यंत यातले फारसे काही पोहोचले नाही.

कारण तिच्या दिवसाकडे पाहिले की कळते. हुबळी-धारवाडच्या वस्तीतली मजूर बाई ऊन चढण्याआधी स्वयंपाक उरकून कामाला जाते. घराला अंगण नाही, गच्ची नाही. पेटीत भात-डाळ शिजते, पण ज्वारीच्या भाकरीला तापलेला तवाच लागतो. शिवाय धारवाडचा पावसाळा! 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी गरीब घरांत आली. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले, की चूल पुन्हा पेटते.

सूर्याची आच जिथे कामी आली, ते ठिकाण आपल्या परिचयाचे आहे. शिर्डीच्या साई प्रसादालयात 2009 पासून प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 तबकड्या ऊन एकवटून वाफ करतात आणि त्या वाफेवर अन्न शिजते. तिथे रांधणे दिवसाचे, मोठ्या प्रमाणावरचे आणि देखभालीला माणसे आहेत.

यातून आपण एवढे घ्यावे: वस्तीत सुरुवात अंगणवाडीपासून करावी, कारण तिथला स्वयंपाक दिवसा होतो. घरांत सूर्यचूल द्यायची तर दुसरी चूल म्हणून द्यावी; सुट्टीच्या दिवशीची डाळ, उकडलेले बटाटे, गरम पाणी यांसाठी. कोणती हवी, कुठे ठेवणार, हे रांधणारीला आधी विचारावे. वाटपाचा मुहूर्त भाद्रपदातल्या ढगांत न धरता संक्रांतीनंतर धरावा. आणि हिशेब मांडताना किती पेट्या वाटल्या हे न लिहिता, वर्षभरानंतर किती पेट्या उन्हात दिसल्या, ते लिहावे.