शुक्रवारची मध्यरात्र आणि कोंबडीचे पंख

अमेरिकेतील बफलो शहरात फ्रँक व टेरेसा बेलिसिमो हे इटालियन वंशाचे दांपत्य ‘अँकर बार’ नावाची साधी मद्यशाळा चालवीत असे. १९६४ साली एका रात्री टेरेसाबाईंनी, एरवी सूपच्या भांड्यात जाणारे कोंबडीचे पंख तळले, लोणी व तिखट सॉसमध्ये घोळले आणि गिऱ्हाइकांपुढे ठेवले. पुढे ‘बफलो विंग्ज’ म्हणून जगभर गेलेला पदार्थ तो हाच.

हे घडले कसे? पुत्र डॉमिनिक सांगत, ती शुक्रवारची रात्र होती. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम अमेरिकेच्या धर्माध्यक्षांनी १९६६ साली शिथिल केला. तोवर तो कडक होता. मध्यरात्र उलटताच कॅथलिक मंडळींना मांस चालणार, म्हणून आईने हा बेत केला. फ्रँक यांच्या कथेत मात्र शुक्रवार नाही. मागविलेल्या मालाऐवजी चुकून पंख आले, एवढेच. एकाच घरातील या दोन साक्षी!

तिसरी साक्ष जॉन यंग या कृष्णवर्णीय व्यावसायिकाची. त्याच शहरात, त्याच दशकात ते अख्खे पंख तळून ‘मंबो’ सॉससह विकत. लेखक केल्विन ट्रिलिन यांनी १९८० साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये ही तिन्ही कथने नोंदविली. तत्पूर्वी, १९७७ मध्ये, नगराने ‘चिकन विंग दिवस’ जाहीर करून गौरव केला तो बेलिसिमोंचा.

शुक्रवारची कथा आपल्याला जवळची वाटते. म्हणूनच ती अधिक कसून तपासावयास हवी. इतिहासाच्या पंगतीत यंग यांचे पान मांडणे हा उपकार नव्हे, न्याय आहे.